‘मी’ लिहिलेली नळी

थुंकीला मान मिळावा अशी एकच खोली वहिनींनी आयुष्यात पाहिली, आणि नवराही त्यांना त्याच खोलीत मिळाला.

खोली हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, जिन्याच्या पाठीमागे होती. ऑपरेशनमध्ये काढलेले, सुईने ओढून घेतलेले शरीराचे तुकडे तिथे येत. ते मेणात बसवायचे, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापायचे, काप काचेवर चढवायचा आणि रंगवायचा. न रंगवलेल्या पेशीत बघण्यासारखं काही नसतं. रंग चढला की मात्र ती घडाघडा बोलायला लागते. वहिनी तिथे टेक्निशियन होत्या, आणि त्यांचे यजमानही. दोघांची टेबलं शेजारी शेजारी होती. एकमेकांच्या रंगकामाला नावं ठेवता ठेवता दोघांचं जमलं, ही गोष्ट खोलीत नव्या आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगितली जाई.

आता थुंकीचं. एक रंग असा आहे की तो पेशीतल्या साखरेला धरतो आणि काप झक्क राणी रंगाचा होतो. पण हा रंग जरा लाघटच. साखरेबरोबर भलत्याच गोष्टींनाही तो तेवढ्याच प्रेमाने चिकटतो. मग दिसतंय ते साखर की आणखी काही, हे कसं ओळखायचं? तर रंगवण्याआधी कापावर एक एन्झाइम घालायचं, जे साठलेली साखर खाऊन टाकतं. त्यानंतर राणी रंग चढलाच नाही, तर ती साखर होती. चढला, तर प्रकरण वेगळं आहे. हे एन्झाइम पावडरच्या रूपात विकत मिळतं आणि वेळेवर कधीच येत नाही. नेमकं तसंच एन्झाइम माणसाच्या थुंकीतही असतं. घास बराच वेळ चघळला की गोड लागतो तो त्याच्यामुळेच. म्हणून पावडर संपली की जुनी माणसं सरळ थुंकीवर काम भागवत.

पण सगळ्यांची थुंकी एका मापाची नसते. कुणाची कापावर नुसती बसून राहते, ढिम्म काही करत नाही. वहिनींच्या यजमानांची मात्र अशी जहाल, की साखरेचा मागमूस उरत नसे. खोलीने त्यांना ‘लाळमास्तर’ अशी पदवीच देऊन टाकली होती. ऐन वेळी तोंड कोरडं पडतं म्हणून मास्तर सकाळी चूळ भरून, चहाच्या आधी, थुंकी जमवायचे, गाळून बारक्या नळ्यांत भरायचे आणि फ्रीझरमध्ये ठेवायचे. नळीवर कागद डकवून त्यावर लिहायचे, ‘मी’. डॉक्टरबाईंनी एकदा विचारलं, “मी म्हणजे कोण?” तर म्हणाले, “मॅडम, स्वतःच्या थुंकीवर एवढा विश्वास या खोलीत दुसऱ्या कुणाला आहे?”

या एन्झाइमला अंगाची ऊब लागते. गारठ्यात ते काम करत नाही. खोलीत विजेची ऊबपेटी यायच्या आधी मास्तर काचा एका चपट्या डब्यात ओल्या कागदावर मांडायचे आणि डबा स्वेटरच्या आत पोटाशी धरून बसायचे. मग खोलीचा शिपाई, तंबाखूच्या डबीमुळे ज्याला सगळे डबीमामा म्हणत, दारातून ओरडायचा, “कोंबडी खुडूक बसली रे.” मास्तर त्याच्यावर पेन्सिल फेकून मारायचे.

मागच्या उन्हाळ्यात मास्तर भाजी आणायला गेले आणि येताना इमारतीच्या पायरीवर बसले ते बसलेच. शेजाऱ्यांनी त्यांना दवाखान्यात नेलं आणि पिशवी वर आणून दिली. वहिनींनी आधी भाजी निवडली, फ्रीजमध्ये ठेवली, आणि मग दवाखान्यात गेल्या. ही भाजीची हकीकत नणंदेने पुढे नात्यात सगळीकडे पोचवली. वहिनी तेव्हा रडल्या नाहीत, नंतरही रडल्या नाहीत. “बाई आहे की दगड,” असं नणंद म्हणाली, आणि वहिनींना ऐकू जाईल असंच म्हणाली. सासूबाई चांगल्या. त्या म्हणाल्या, “रड गं एकदा. माझ्यासाठी तरी रड.” वहिनींनी तोही प्रयत्न केला. न्हाणीघरात नळ सोडून बसून पाहिलं. बादली भरून वाहिली, तेवढंच.

वाईट वाटत होतं असं म्हणायला सुद्धा काही हाती लागत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं. चहा गरम होता की गार, हे कप विसळतानाही त्यांना सांगता आलं नसतं. झोपेच्या गोळ्या सुरू झाल्यापासून तोंड कायम कोरडं असायचं. घास पाण्याबरोबर ढकलायचा आणि जेवण झालं म्हणायचं. थंडी पडली तरी त्यांना वाजत नव्हती; सासूबाई दारात स्वेटर घेऊन उभ्या राहत म्हणून तो अंगात असे. फॉर्मलिनच्या बरणीत पडलेला तुकडा सडत नाही, सुकत नाही, आहे तसा राहतो. वहिनींचं तसंच चाललं होतं.

फ्रीझरच्या मागच्या कोपऱ्यात मास्तरांची एक नळी उरली होती. ती आहे हे फक्त वहिनींना माहीत होतं. रोज आल्या की त्या फ्रीझर उघडत, ‘मी’ वाचत आणि झाकण लावत. नळीला हात लावत नसत. घरात मास्तरांचे कपडे होते, चष्मा होता, दाढीचं सामान होतं. ते सगळं त्यांचं होतं. नळीत मात्र ते स्वतः होते. त्यांच्या अंगातलं जे काम करायचं, ते अजूनही काम करू शकलं असतं. बर्फात होतं तोवर.

तर त्या सोमवारी वहिनी आल्या तेव्हा खोलीभर पाणी होतं. शनिवारी तळमजल्याची वीज गेली होती ती त्याच पहाटे आली, आणि येताना असा झटका देऊन आली की ऊबपेटी जळाली. डबीमामांनी कधी नव्हे ती तत्परता दाखवून फ्रीज रिकामा केला होता.

“मामा, फ्रीज काढायला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पाहिजे, वहिनी? सगळं वितळून वास मारत होतं.”

“कालवून ठेवलेली एन्झाइमची बाटली?”

“ओतली. नासली होती.”

“आणि फ्रीझरमधलं?”

मामांनी फडक्याच्या बादलीकडे बोट केलं. वहिनी उकिडव्या बसल्या आणि कोपरापर्यंत हात घातला. मामा बघतच राहिले. इतक्या महिन्यांत वहिनींनी कुठलीही गोष्ट घाईने केलेली त्यांनी पाहिली नव्हती. बर्फाच्या ट्रेखाली नळी सापडली. झाकण घट्ट होतं, पण आतलं सगळं वितळलं होतं. कागद भिजून शाई पसरली होती तरी ‘मी’ वाचता येत होतं. वहिनींनी नळी पुसली आणि एप्रनच्या खिशात टाकली.

तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या. कापलेलं, रंगवलेलं सगळं शेवटी त्यांच्या मायक्रोस्कोपखाली जायचं.

“वहिनी, वरच्या वॉर्डातल्या त्या छोट्या पोरीचं लिव्हर. साधा रंग पाहिला मी. पेशी नुसत्या राणी रंगाने गच्च भरल्यात. आता एन्झाइम घालून पाहिजे, आणि आजच पाहिजे. ती साखर असेल तर तिला वेळच्या वेळी भरवत राहायचं, झोपेतून उठवून सुद्धा, म्हणजे पोर वाढेल. साखर नसेल तर सगळी दिशाच बदलते. वॉर्डवाले अडून बसलेत.”

“पावडर अजून आली नाही,” वहिनी म्हणाल्या.

“मग बाटलीतलं घ्या.”

डबीमामांनी छताकडे पाहायला सुरुवात केली. डॉक्टरबाईंना बाटलीचं काय झालं ते न सांगता कळलं.

“बरं. मग जुना मार्ग. माझी चालायची नाही, तोंड आलंय, सकाळीच औषध चोपडलंय. मामांची घातली तर काप राहील आणि काच विरघळेल. वहिनी, तुम्ही?”

वहिनींनी काचेची वाटी घेतली. जीभ टाळूला लावली, गालात फिरवली, लिंबू आठवून पाहिलं. लिंबू आठवलं, पण आंबट नाही आठवलं.

“माझ्या तोंडात नाही येत, मॅडम,” त्या म्हणाल्या. शाई संपली म्हणावं, तसं म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग उगाच पेन शोधलं. “मामा, वर जा आणि कुणाकडून तरी घेऊन या. तंबाखू न खाणारा बघा.”

“नोकरीला लागताना थुंकी मागत फिरावं लागेल असं कुणी बोललं नव्हतं,” असं पुटपुटत मामा कप घेऊन गेले. डॉक्टरबाईही आपल्या खोलीत गेल्या.

वहिनींनी खिशातून नळी काढली. फ्रीज पुन्हा घुरघुरत होता. नळी परत आत ठेवली असती तर तासाभरात गोठली असती. पण इतका वेळ वितळून पडलेली ती आता जिवंत होती की मेलेली, हे बाहेरून कळायचं नव्हतं. कळायचा मार्ग एकच, वापरून बघायचं. आणि वापरलं की ते संपणार. वहिनी बराच वेळ उभ्या राहिल्या. आपल्याला काय पाहिजे आहे हे त्यांना समजेना, म्हणून त्यांनी हातांना जे येतं ते करू दिलं. हातांनी कंट्रोलची काच घेतली. कंट्रोल म्हणजे ठाऊक असलेला काप, साखरेने भरलेलं निरोगी लिव्हर. एन्झाइम चालतं की नाही ते आधी त्याच्यावर पाहायचं. निम्मी नळी त्यांनी त्यावर सोडली, काच टेबलावर ठेवली, वाट पाहिली, मग धुऊन रंगाच्या पाण्यात घातली आणि नळाखाली धरली.

काप राणी रंगाचा झाला. या कडेपासून त्या कडेपर्यंत, एक ठिपका न सोडता.

म्हणजे काहीच खाल्लं गेलं नव्हतं. म्हणजे नळीत आता कुणी नव्हतं. वहिनी काच निथळत उभ्या राहिल्या. गेलं तर गेलं, असं त्यांच्या मनात आलं, आणि आपल्याच मनाचा त्यांना राग आला. राग येऊनही कित्येक महिने झाले होते.

“नाही चाललं?” डॉक्टरबाईंनी मागून विचारलं.

“नाही.”

“ठेवली कुठे होती काच?”

“इथेच. टेबलावर.”

डॉक्टरबाईंनी टेबलाच्या फरशीवर तळवा टेकवला आणि लगेच उचलला. “वहिनी, टेबल बर्फ झालंय. तुम्ही ऊब दिलीच नाहीत?”

वहिनींनी जळक्या पेटीकडे पाहिलं. रोज काच त्या पेटीत जायची. आज पेटी बंद, म्हणून हातांनी ती पायरीच गाळली, आणि गाळली हे त्यांना कळलंही नाही. खोली एवढी गार होती की डॉक्टरबाईंनी शाल पांघरली होती, मामांनी कानाला मफलर गुंडाळला होता. वहिनींना गारठा जाणवलाच नव्हता. आठवड्याभराचा नवशिका करणार नाही अशी चूक त्यांच्या हातून झाली होती.

मामा परत आले. कप कोरडा होता. “नर्स म्हणाली, या वयात लाज नाही वाटत? काउंटरवाला म्हणाला, साहेबांची सही आणा. एक जण तयार होता बिचारा, पण त्याला खोकला आहे. खोकल्याचं चालतं का?”

“नाही चालत,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “मी दुसऱ्या लॅबला विचारते. उद्यापर्यंत काहीतरी...”

“थांबा मॅडम. थोडी शिल्लक आहे.”

“तुमची?”

वहिनींनी ते ऐकलं न ऐकलंसं केलं. “ऊब देते यावेळी.”

नळी उजेडात धरली तर तळाशी जेमतेम दोन काचा भिजतील एवढंच होतं. आता गोष्ट मघापेक्षा अवघड झाली होती. मघाचं निम्मं गारठ्याने वाया गेलं की मुळात मेलेलंच होतं, कुणास ठाऊक. उरलेलं जिवंत असू शकत होतं. तसंच गोठवून ठेवलं असतं तर ते कायम ‘असू शकत’ राहिलं असतं. न वापरलेली नळी कधीच मेलेली ठरणार नव्हती. रोज सकाळी झाकण उघडून ‘मी’ वाचता आलं असतं.

वरच्या पोरीचा चेहरा वहिनींनी पाहिला नव्हता. पण तिच्या लिव्हरचा काप त्यांनीच कापला होता. सुईतून निघालेला दोऱ्याएवढा तुकडा, तो हरवू नये म्हणून श्वास रोखून मेणात बसवला होता. आणि मास्तर तिथे असते तर त्यांनी नळी हातातून हिसकावूनच घेतली असती. थुंकी काय शोकेसमध्ये ठेवायला काढली का मी, असं म्हणाले असते. हे वहिनींना इतकं स्पष्ट ऐकू आलं की त्यांनी झाकण उघडलं.

थोडी कंट्रोलवर, बाकीची पोरीच्या कापावर. नळी उपडी करून शेवटचा थेंबही झटकला. चपटा डबा कपाटात वर धूळ खात पडला होता. त्यात ओला कागद घातला, काचा मांडल्या, झाकण लावलं, डबा स्वेटरच्या आत सरकवला आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरून वहिनी स्टुलावर बसल्या.

दारातून डबीमामा म्हणाले, “कोंबडी खुड...” आणि जीभ चावून थांबले.

“म्हणा मामा,” वहिनी म्हणाल्या. “खुडूकच बसलीय.”

मामा फडकं घेऊन आधीच कोरडी झालेली फरशी पुसत बसले.

हळूहळू डबा कोमट झाला. तो वहिनींच्याच अंगाने कोमट झाला होता. आपल्या अंगात एवढी ऊब आहे याचं त्यांना नवल वाटलं. ती इतके महिने इथेच असणार, कुणी मागितली नव्हती. एकदा त्यांना वाटलं की आपण दोघं मिळून काहीतरी करतोय, पूर्वी शेजारच्या टेबलांवर करायचो तसं. मग तो विचार गेला आणि पुन्हा काही वाटेनासं झालं.

काचा धुतल्या, रंगवल्या, नळाखाली धरल्या. पाणी वाहत राहिलं. कंट्रोलच्या कापावर राणी रंग आला नाही. पोरीच्या कापावरही आला नाही. दोन्ही फिकट, धुतलेल्या जुन्या धोतरासारखे.

डॉक्टरबाईंनी काचा तिथल्याच मायक्रोस्कोपखाली सरकवल्या. सावकाश, सगळ्या कडा पाहिल्या.

“गेलं,” त्या म्हणाल्या. “सगळं गेलं. साखरच होती, वहिनी. बरं झालं बाई. कळवते वर.” पण उठल्या नाहीत; पुन्हा डोळा लावला. “काय स्वच्छ काम आहे. कणभर उरलेलं नाही. असं तर फक्त... कुणाची थुंकी ही?”

“ह्यांची,” वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी भिंगावरून डोळा उचलला. मामांचं फडकं थांबलं.

“आणखी आहे का?” त्यांनी अगदी हळू विचारलं.

“नाही. संपली.”

डॉक्टरबाई उठल्या, वहिनींच्या पाठीवरून हात फिरवला आणि वॉर्डात कळवायला निघून गेल्या. वहिनी त्यांच्या जागेवर बसल्या आणि भिंगातून पाहू लागल्या. पेशी जागच्या जागी होत्या, भिंतीला भिंत लावून. साखर होती तिथे आता पांढऱ्या, मोकळ्या जागा होत्या. एकेका पेशीत, शेकडो पेशींत. मागच्या उन्हाळ्यात गेलेल्या माणसाने हे आज दुपारी खाल्लं होतं.

त्या खूप वेळ बघत राहिल्या. मग सिंककडे जाऊन त्यांनी नळी विसळली. कागद आपोआप सुटला आणि पाण्याबरोबर जाळीपर्यंत गेला. वहिनींनी तो उचलला नाही. नळी उपडी करून बाकीच्या नळ्यांमध्ये वाळत ठेवली.

हात पुसता पुसता त्यांच्या दातांवर दात वाजायला लागले. आधी त्यांना हे काय होतंय ते समजेना. त्यांनी स्वेटरच्या बाह्या पंजांवर ओढल्या, खांदे आवळले, तरी थांबेना.

“मामा,” त्या म्हणाल्या, “तेवढं दार लावता का? फार गार लागतंय.”